झरोक्यांतले बोळे

३ मार्च
शाळेच्या इमारत समितीत आज स्पष्ट सांगितले — नव्या वर्गांच्या खिडक्या कायम बंद असाव्यात व आत एसी असावा. आराखडा सूनबाईचा आहे. परंतु नाते निराळे, मत निराळे! तिच्या मते जाड भिंती, छपराला पांढरा लेप आणि समोरासमोर खिडक्या असल्या की यंत्राची गरजच नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सासरा-सुनेचं घरी मिटवा हो!" समिती हसली. मी हसलो नाही.
ठरले असे — नमुन्याची एक खोली बांधून तयार आहे. तिथे मी तापमान मोजून अहवाल द्यावा. एसी आला तर खिडक्या बुजणार, आणि त्यांच्याबरोबर सूनबाईची सारी मेहनत.

४ मार्च
खोलीत बसलो. अर्थातच कोट घालून. छताजवळ भिंतीत वीतवीतभर भोके राहून गेलेली दिसली. गवंड्याचा हलगर्जीपणा! वाऱ्याने कागद उडत होते. शिडी मागवली व वर्तमानपत्राचे बोळे स्वहस्ते कोंबले. काम चोख.

६ मार्च
खोलीची भट्टी झाली आहे. गैरसोय होते, परंतु माझे मत सिद्ध होत असल्याचे समाधान मोठे.

७ मार्च
जेवताना आकडे सांगितले. सूनबाईचा घास हातातच राहिला. "बाबा, शक्यच नाही!"
"तापमापकाला सासरा-सून कळत नाही," मी म्हणालो. मुलगा ताटात पाहून हसला. तो हल्ली दोन्ही पक्षांशी एकनिष्ठ असतो.
ही जाऊन वर्ष होत आले. असती तर म्हणाली असती — "अहो, आधी तो कोट काढा."

८ मार्च
लिहिण्यास संकोच वाटतो. सूनबाई खोलीत आली, वर पाहिले, तडक शिडीवर चढली. ती भोके नव्हती — झरोके होते! तापलेली हवा वर चढून तेथून बाहेर पडावी व खिडक्यांतून ताजी आत यावी, हीच तर सारी योजना. तिने बोळे एकेक करून उलगडले. प्रत्येकावर माझ्या अक्षरात सोडवलेले शब्दकोडे.
शिपाई म्हणाला, "चोर शिकलेला दिसतोय, ताई."
ती रागावेल असे वाटले. ती शिडीवरच पोट धरून हसली! मग खाली उतरून हळूच विचारले, "बाबा, उघड्या खिडकीचं तुम्हाला एवढं वावडं का?"
"धूळ येते," मी म्हणालो.

१० मार्च
झरोके मोकळे होताच भर दुपारी कोटातही सुखाने बसता आले. अहवालात नवे आकडे दिले. बोळ्यांविषयी स्वतंत्र परिच्छेद जोडला व तो बैठकीत उभा राहून वाचला. अध्यक्षीणबाईंना ठसका लागला. एसी रद्द. सूनबाईने पाण्याचा पेला तेवढा माझ्याकडे सरकवला.

११ मार्च
ही गेल्यापासून आमच्या खोलीची खिडकी मी कोणाला उघडू दिली नव्हती — आत तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. आज सकाळी उघडली.
वास दुपारपर्यंत टिकला.