गच्चीखालचं घर

१९ मार्च

आज सकाळी तो बाथरूमच्या दारात खाली बसला. पडलो नाही, बसलो — असं त्याचं म्हणणं. पाऊल पुढे टाकायला गेला आणि पाय आलाच नाही! मी धावले तर म्हणतो, "थांब गं, इथली फरशी मस्त गार आहे. बसू दे जरा."

हसले मी. काय करणार?

दोन दिवसांत ऊन एकदम चढलंय. डॉक्टरांनी अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं — या नसांच्या आजारात अंग तापलं की मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. अंग निवलं की पोचतो. मागच्या उन्हाळ्यात असंच झालं होतं. गार पाण्याने पुसून काढल्यावर संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला होता, वर माझी भाजी करपली म्हणून चिडवत होता.

म्हणजे ऊनच. दुसरं काही नाही.

२२ मार्च

आमचंच चुकलं. हे घर थंडीत पाहिलं. लिफ्ट आहे, खिडक्या मोठ्या, हॉलभर कोवळं ऊन — भाळलो! डोक्यावर नुसती गच्ची आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं? आता दुपारी छत तव्यासारखं तापतं.

पश्चिमेच्या खिडक्यांना पुठ्ठे लावले, वर चंदेरी कागद. घर अंधारलं. तो म्हणाला, "वा! आता मी वटवाघूळ."

२८ मार्च

दुकानात दिवसभर एसी. लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, काचा पुसते, आणि मानेवर गार झोत. लाज वाटते मला. त्या वेळी तो घरी पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर घेऊन नकाशे काढत असतो. जमिनी मोजत रानोमाळ हिंडणारा माणूस! लग्नानंतर त्याच्याबरोबर चालताना मला अक्षरशः पळावं लागायचं.

आज जेवणाच्या सुट्टीत फोन केला. "पाय?"

"आहेत. जागेवरच आहेत."

४ एप्रिल

खाली घरमालकांकडे गेले. एसी बसवू द्या म्हटलं, खर्च आम्ही करू. काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जुनी वायरिंग आहे. एक एसी लावलात की सगळी बिल्डिंग अंधारात. पंखा आहे ना?"

पंखा आहे. गरम हवा इकडून तिकडे ढकलतो.

५ एप्रिल

सकाळी गच्ची झाडून चुना मारला. दोन हात. कोपरापर्यंत पांढरी झाले, हातांची आग आग झाली. दुपारी छत खरंच कमी तापलं! त्याला ओढत नेऊन — म्हणजे चाकांच्या खुर्चीतून नेऊन — छताला काठी लावून दाखवली. "काठीला काय कळणार?" म्हणाला. पण माझे हात घेऊन किती तरी वेळ तेल लावत बसला.

खुर्ची फक्त उन्हाळ्यापुरती. भाड्याने आणली आहे.

१३ एप्रिल

ओल्या चादरी खिडकीत. टेबलफॅनपुढे बर्फाची परात. कामावरून आले की गच्चीवर बादल्यांनी पाणी. घराचा झालाय धोबीघाट!

पहाटे गारवा असतो. आज मुद्दाम त्या वेळी उठवलं, उभं राहायला लावलं. नाही जमलं. भिंती रात्रभर उष्णता ओकत असतात, त्यामुळे असणार.

२० एप्रिल

भांडले. पायांसाठी ठेवलेल्या बर्फाच्या पाण्यातून त्याने पाय बाहेर काढून ठेवले होते. काढले म्हणजे हातांनी उचलून काढले. "तुला बरं व्हायचंच नाहीये!" असं ओरडले मी. मी!

त्याने पायांवरचं पाणी टॉवेलने टिपलं. मग हळूच, "उन्हाला शिव्या दे ना. मला कशाला?"

पुन्हा दोन्ही हातांनी पाय उचलून पाण्यात ठेवले.

२१ एप्रिल

दिवसभर चष्मे चुकीच्या डब्यांत घालत होते.

३ मे

घरमालकीण काकू तणतणत वर आल्या. आमच्या पाण्याने जिन्याच्या भिंतीला ओल आली म्हणे. "अहो, गच्ची आहे की हौद? तुम्हाला उकडतं, आम्हाला काय उकडत नाही?" दारातूनच आवाज चढवलेला.

तो आत फरशीवर होता. खुर्चीतून पलंगावर जाताना घसरला होता आणि मी अर्धवट उचलून धरला होता. काकूंनी पाहिलं. चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ आत आल्या. "तू खांदे धर, मी पाय धरते." त्याला पलंगावर ठेवल्यावर त्याच्या लुंगीचा सोगा सारखा करून दिला, आईने करावा तसा.

जाताना मला म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं गं?"

सांगितलं होतं. पण काकांना. आणि तेही त्याच्या पायांचं न सांगता.

४ मे

सकाळी सकाळी काकांचा आवाज खालून वरपर्यंत — "अगो, पण वायरिंग!" आणि काकूंचा — "मग बदला की!"

१७ मे

वायरमन आला. वेगळी लाइन ओढली, भिंतीला भोकं पाडली, सगळीकडे धूळ. त्याने पलंगावरूनच सूचना दिल्या. वायरमन वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्हीच या शिडीवर." मग तोच खो खो हसला. वायरमनही हसला. मी आत जाऊन चहा केला, आणि ओट्यापाशी उभी राहून रडून घेतलं.

उद्या एसी येणार. उद्या!

१८ मे

आला. दारं-खिडक्या लावून बसलो. थोड्याच वेळात खोली अशी गार झाली की त्याने पांघरूण मागितलं. हाताला हात लावला — थंड. कपाळ थंड. पाय थंडगार.

मी म्हटलं, "चल. ऊठ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्या खांद्यांवर दोन्ही हात टाकले आणि जोर केला. खरंच केला, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी पायांकडे बघत होते. करंगळीसुद्धा हलली नाही.

"दमलास. उद्या बघू," मी म्हटलं.

"हो. उद्या."

१९ मे

आजही नाही. मशीन खोलीच्या मानाने लहान पडत असेल. एसीच्या दुकानात विचारते.

२० मे

मोठं मशीन घेऊ या म्हटलं तेव्हा त्याने सांगितलं. त्याला मार्चपासून माहीत होतं. मार्चमधल्या तपासणीला गेलो होतो, मी औषधांच्या रांगेत होते तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आजार आता पुढच्या टप्प्यात गेलाय. पाय परत यायचे नाहीत. हिवाळ्यातही नाहीत. उन्हाचा काही संबंध नाही.

"मग मला इतके दिवस का राबू दिलंस?"

"गच्चीवरून चिंब भिजून यायचीस ना, तेव्हा गुणगुणत यायचीस. मला ते थांबवता येईना."