माहेरी बोलावलेली गाडी

डोंबिवली (पूर्व),
९ मार्च १९९९

ती. विश्रामदादांस,

कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो तूर्त कागदावरच स्वीकारावा.) तुमचा गुडघा, सुमतीवहिनींचं ब्लडप्रेशर आणि कोपरीचा पाणीपुरवठा, तिन्ही ठीक असावीत. इकडे मी अगदी मजेत आहे. भात मला येतोच. काल पिठलं केलं, आज ते पातेल्यातून सोडवायचं काम चालू आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडे फोन तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची मंदाकिनी, उचलते आणि माझं 'हॅलो' ऐकलं की ठेवून देते. ठेवू दे. मला काही फरक पडत नाही. गेले बारा दिवस ती तुमच्या गुडघ्यासाठी तिकडे राहिली आहे असं मी सोसायटीत सांगितलंय, तेव्हा कोणी भेटलंच तर जरा लंगडावं ही विनंती.

तिनं तिची बाजू सांगितली असेलच. आता माझी ऐका. मोहने गावातल्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मेंटेनन्स फोरमन होतो हे तुम्ही जाणताच. नट हातात द्या, डोळे मिटून माप सांगतो. (तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सांगितलं होतं, तुम्ही पंखा उघडून बसला होतात तेव्हा.) तर रिटायर झाल्यावर हौसेनं गाडी घेतली, तीही कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल. हिच्या बॉनेटखाली एक काळी डबी आहे. डबीत कॉम्प्युटर. वळणावर गाडी घसरू लागली की हा कॉम्प्युटर म्हणे आपणहून एकेका चाकाचा ब्रेक दाबतो आणि तोल सांभाळतो. मी विकणाऱ्याला तिथंच म्हटलं, बाबा रे, मी बसल्यावर तोल सांभाळायला दुसरं कोणी कशाला? पण डबी काढून गाडी मिळत नव्हती.

गेल्या महिन्यात कंपनीचं रजिस्टर पत्र आलं, आणि चक्क मराठीत. जसंच्या तसं उतरवतो: 'आपल्या वाहनाच्या तोल-नियंत्रण आज्ञावलीत दोष आढळल्याने आपले वाहन विनाविलंब माहेरी बोलावण्यात येत आहे. तोवर डावी वळणे टाळावीत.' वाचलंत? माहेरी! शेजारचा उत्तम कल्याणला छापखान्यात असतो, तो म्हणाला, काका, 'माघारी'चं 'माहेरी' झालंय, खिळे जुळवणाऱ्याची चूक. असेल. पण सहीशिक्क्याचं पत्र आहे, आणि छापलेल्या शब्दाला कंपनीनं जागायला नको? मी उलट टपाली कळवलं की आमच्यात लेकीला माहेरी न्यायचं तर माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून घ्यायला येतो, चहापाणी होतं, मग पाठवणी. तुम्ही मुऱ्हाळी धाडा, मी गाडीची ओटी भरून देतो. उत्तर नाही. बोलावणं पाठवायचं आणि मुऱ्हाळी पाठवायचा नाही, ही कुठली रीत? मग मीही हट्टाला पेटलो. एकतीस वर्षं ज्यानं मशिनं हाताळली त्यानं आता कोणा पोराटोरांपुढे गाडी उभी करायची, आणि ते तिला वायर लावून टीव्हीसारखा पडदा बघत बसणार? छट्! (सध्या तर सगळेच कॉम्प्युटर सन दोन हजारला घाबरून बसलेत. घाबरलेल्यानं माझ्या गाडीला काय शिकवायचं!)

मंदाकिनीनं मात्र पत्र देवघरात ठेवलं आणि रोज सकाळी दिवा लावताना मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. विशेषतः डाव्या वळणांचं. मी लक्ष दिलं नाही.

आता तुमच्याकडच्या सत्यनारायणाचा दिवस. आम्ही वेळेवर निघालो होतो, मंदाकिनी माझ्या शेजारी, मांडीवर शिऱ्याचा डबा. शीळ रस्ता, मुंब्रा, सगळं व्यवस्थित. डावी वळणं मी सहा घेतली आणि प्रत्येकानंतर तिच्याकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. सातवं तुमच्या कोपरीच्या मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरचं. तिथं डावं चाक आपसूक आवळलं, गाडी हवी त्याच्या दुप्पट वळली आणि तोंड घालून उभी राहिली ती थेट हौसाबाई कोळणीच्या पाटीत. वेग काहीच नव्हता. पापलेटं चार चेंगरली, ती तशीही शिळीच असणार (हे तिच्यापुढे बोलू नका). हौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कं रं बाबा, तुजे गारीला म्हावरा पायजे का?" बाजारभर हशा. मी खाली उतरलो आणि बंपर तपासला. बंपरला खवलं चिकटली होती, बाकी ओरखडासुद्धा नाही. असं मजबूत काम! हौसाबाई तोवर मासळी टाकून पलीकडच्या दाराशी गेली होती, कशाला ते मी बघितलं नाही, कारण मला हेडलाइट तपासायचा होता. आणि तेवढ्यात मंदाकिनी उतरली, पदर सारखा केला आणि सगळ्या बाजारादेखत म्हणाली, "गाडी माहेरी जात नसेल तर मी जाते." गेलीसुद्धा. तुमचं घर तिथून पाच मिनिटांवर.

मी पूजेला आलो नाही, याचा राग नसावा. घरी परतलो तो एकही डावं वळण न घेता. भीती म्हणून नव्हे, मला उजवीकडे कामं होती. भिवंडीला एक काम होतं, आणखी कुठेकुठे होती. तीन तास लागले. आमच्या फाटकात शिरायला डावीकडेच वळावं लागतं, म्हणून गाडी बारा दिवस समोरच्या फुटपाथला उभी आहे आणि लोक तिच्यावर पापड वाळवतात.

तेव्हा माझा निर्णय पक्का. गाडी पाठवणार नाही, माफी मागणार नाही, आणि जी आपल्या पायानं गेली तिनं आपल्या पायानं यावं. मंदाकिनीला हे पत्र वाचून दाखवलंत तरी हरकत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कुंडलिक

ता. क. १. पत्र मंदाकिनीला वाचून दाखवू नका.

ता. क. २. गाडी आज सकाळी दिली. मुऱ्हाळी आला नाही, मीच पोचवून आलो, उजव्या वळणांनी. वायर लावणारी एक मुलगी होती, तिला मी बाजाराचा कोपरा आणि बाजूची भिंत वर्णन करून सांगितली, तिनं पडदा बघून सांगितलं की वेग जरा जास्त असता तर डावी बाजू भिंतीवर गेली असती. डावी बाजू म्हणजे जिथं मंदाकिनी बसते. मी तिथल्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिलो. मग त्या मुलीनं पाणी दिलं.

ता. क. ३. देण्याआधी गाडी झाडली, तेव्हा डाव्या सीटखाली हिरव्या बांगडीचे तीन तुकडे मिळाले. एकाला रक्त लागलेलं. म्हणजे हौसाबाई पलीकडे गेली ती मंदाकिनीचं मनगट बांधायला, आणि मी बंपर पुसत होतो. मला लाज वाटते, दादा. जखम किती आहे तेवढं कळवा.

ता. क. ४. रविवारी मुऱ्हाळी म्हणून मीच येतोय, रिक्षानं. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नौपाड्यात कासाराच्या दुकानात गेलो होतो, त्यानं माप विचारलं. कारखान्यातल्या हरएक नटाचं मला पाठ आहे. तेवढं वहिनींना हळूच विचारा, मंदाकिनीच्या बांगडीचं माप काय.