बटणचा 'श्री' अजून बाकी आहे

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की बाटलीकडे नुसती बघतेस? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. बाबांचा खोकला गेला. दुकानातलं जुनं शिवणाचं मशीन मात्र आता त्यांच्यासारखं खोकायला लागलंय. बटण (दादाची लेक, तू आमच्यावर रागावली आहेस म्हणून ओळख करून देते) खाऊनपिऊन, पडूनधडपडून मजेत आहे.

तू रागावलीस यात तुझं काही चुकलं नाही. आपल्या घरी मुलाचं बोट धरून तांदळात पहिला 'श्री' काढून घ्यायचा मान आत्याचा. दादाचं बोट तू धरलंस, माझंही तूच. बटणच्या वेळी मात्र दादाने तुला फोनवर सांगितलं, की आता घरात पदवीधर आत्या आहे, तू प्रवास करून गुडघे कशाला दुखवून घेतेस? त्याला वाटलं, आपण काळजी करतोय. (दादा कापड सरळ कापतो, बोलणं तिरकं.) तू फक्त 'बरं' म्हणालीस. तुझं 'बरं' काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. फोन ठेवल्यावर बाबा दादाला म्हणालेच, "झालं समाधान? आता बस निस्तरत."

तर तो विद्यारंभ कसा झाला, ते ऐक. आतल्या खोलीत माणसं मावेनात म्हणून कार्य दुकानातच मांडलं. कापायचं टेबल भिंतीला लावलं, चिंध्या पोत्यात भरल्या, मधे पाट, पाटासमोर तांदळाचं ताट. कोट चढवायच्या पुतळ्याला समोरच्या इस्त्रीवाल्याने भाबडेपणाने हार घातला, आणि तो काढायचा कोणाला धीर झाला नाही. मी ठरवलं होतं, की घरातली पहिली पदवीधर बोट धरणार, तर ते नुसतं बोट धरणं नसावं. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काही शिकवू नये असं माझं ठाम मत होतं (अजूनही आहे, थोडं सैल झालंय). म्हणून मी आधी ज्ञान म्हणजे काय यावर चार शब्द बोलले. ते चार शब्द बरेच लांबले. आई मागून कुजबुजली, "अगं, आटप. तांदळात किडे होतील." शेवटी मी बटणला मांडीवर घेऊन अगदी बरोबरीच्या नात्याने विचारलं, "बटण, तुला शिकायचंय ना?"

बटण म्हणाली, "नाही."

हार घातलेला पुतळासुद्धा दचकला असं वाटलं. गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, असं विचारतात का? आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून तर जग शिकत आलंय!" मी म्हटलं, नकार देण्याचाही तिला हक्क आहे. दादा म्हणाला, "हक्क राहू दे, बोट धर." मी बोट धरलं, तिने सोडवून घेतलं, आणि स्वतःच तांदळात मोठ्या ऐटीत एक वळणदार रेघ ओढली. आम्ही सगळे श्वास रोखून वाकलो. गुरुजींनी विचारलं, "हे कोणतं अक्षर?" तेवढ्यात बाबा टेबलावर थाप मारून ओरडले, "बाही! अरे, बाही काढली पोरीने! मुंढ्याचा गोल बघ, मुंढ्याचा!" आत्या, मला पदवी मिळाली तेव्हाही बाबा इतके ओरडले नव्हते.

गुरुजींना बाही चालेना. ते म्हणाले, पाटीवर काढू. तर पेन्सिल सापडेना (ती शेवटी गुरुजींच्याच आसनाखाली निघाली, दोन तुकड्यांत). बाबांनी उत्साहाच्या भरात आपला निळा खडू तिच्या हातात दिला, आणि चूक इथेच झाली. आपल्या घरातलं मूल खडू पाटीवर कशाला चालवेल? तिने जन्मापासून तो कापडावरच चाललेला पाहिलाय. गुरुजी पेन्सिल शोधायला ओणवे झाले होते, त्यांचा पांढराशुभ्र सदरा समोर पसरला होता. बटणने आजोबांसारखं एक डोळा मिटून पाहिलं आणि कंबरेत दोन्ही बाजूंना सदरा आत घ्यायच्या खुणा केल्या. वर म्हणाली, "इथे ढगळ आहे."

गुरुजी निघाले ते तसेच, तोंड फिरवून, पाठीवर खुणा मिरवत. जाताना बजावून गेले, की पहिलं अक्षर निघाल्याशिवाय विद्यारंभ झाला असं मी म्हणणार नाही. पण गंमत पुढेच आहे. कोपऱ्यावरून ते परत आले आणि दारातच, कोणाकडेही न बघता म्हणाले, "खरंच ढगळ आहे. खुणा केल्याच आहेत, तर टीप मारून द्या." बाबांनी लगेच सदरा मशीनवर घेतला. गुरुजी बंडीवर पाटावर बसून राहिले आणि बटणने त्यांच्या खांद्यांची मापं घेतली. आम्ही इतके हसलो, की आईला पदराने डोळे पुसावे लागले. फिट झालेला सदरा घालून गुरुजींनी आरशात पाहिलं आणि बटणला दुप्पट आशीर्वाद दिला. अक्षर मात्र निघालं नाही.

तेव्हा इकडे सगळं उत्तम आहे. तू मुळीच काळजी करू नकोस. गुडघे सांभाळ, प्रवासाचा विचारही मनात आणू नकोस.

तुझी भाची,
(आणि बटणची आत्या, नावापुरती)

ता. क. तांदळाचं ताट आईने तसंच फडक्याखाली झाकून कपाटावर ठेवलंय. गुरुजी म्हणतात, येत्या गुरुवारची सकाळही चांगली आहे. सहज कळवते.

ता. क. २. मी बटणला विचारलं (हो, पुन्हा विचारलं), की मग तुझं बोट धरायचं तरी कुणी? ती म्हणाली, "मोठ्या आत्याने. ती भाषण करत नाही." दादा तुला न्यायला बुधवारी गाडी घेऊन येतोय. तो वाटेत बोलला तर कानात कापूस घाल, पण गाडीत बस.

ता. क. ३. हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते दोरा तोडता तोडता म्हणाले, "एवढं शिकून इतकं लांबण? बहिणीला बोलवायला एक अक्षर पुरतं." मग ते एक अक्षर लिहायला त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, बराच वेळ हातात धरलं आणि परत दिलं. म्हणाले, "तूच लिही. लहानपणी माझं बोट धरणारीच रुसून बसली आहे."

म्हणून मीच लिहिते. आत्या, ये.