धुरपदाबाईंचा हात

मंगळवार, ३ जानेवारी १९७८. शिरूर

आज सगळ्यांसमोर फजिती! इथल्या कुष्ठरोग केंद्रात चट्टा ओळखायला मी आठ दिवसांत शिकले. पण रोग्याशी बोलायचं कसं, ह्या तासाला नुसता घाम फुटतो. वर्गातली एकजण सरावासाठी रोगी झाली, मी तिला धीर देणार. तीन मिनिटांनी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अंजना, तू तिला सात सल्ले दिलेस. ती किती बोलली?"

एक वाक्य. तेही अर्धंच.

बाई म्हणतात, आधी विचार. मग थांब. मग तिचंच म्हणणं तिला परत सांग. "पोपटासारखं?" मी विचारलं. "नाही. तुला कळलं का ते तपासायला."

शुक्रवार, ६ जानेवारी

केंद्रातल्या हौसराव मामांबरोबर भांडगावला. मामा ह्या कामात वीस वर्षं मुरलेले. ते ओट्याबाहेरच थांबले, बाईमाणसाला मीच तपासायचं. धुरपदाबाई, तिशीच्या, घरची बागायत, दोन मुली. डाव्या कोपराजवळ फिकट चट्टा. डोळे मिटायला सांगून त्यावर पीस फिरवलं. त्यांना कळलंच नाही.

आणि माझी गाडी सुटली! घाबरू नका, गोळ्यांनी बरं होतं, घरात सांगून टाका, मालकांनाही तपासणीला पाठवा...

त्यांनी पदर ओढून घेतला. "मला कायबी झालं न्हाई. चुलीवर भाजलंय."

गोळ्यांची पुडी तशीच माझ्या हातात. दार बंद.

शनिवार, ७ जानेवारी

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, १० जानेवारी

आज गप्प बसायचा सराव. हसू नका कुणी, फार अवघड आहे! समोरचं माणूस थांबलं की माझं तोंड आपोआप उघडतं. बाई म्हणाल्या, "मनात वीस मोज. ती विचार करतेय, तिला करू दे."

आमच्या राहू गावच्या घरात सगळे एकदम बोलतात. माझ्या आईला आजवर कुणी विचारलं असेल का, तुला काय वाटलं म्हणून? मी तरी कुठं विचारलं!

शुक्रवार, १३ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवते.

चौफुल्याला गाडी बदलून एकटीच गेले. धुरपदाबाई कांदा खुरपत होत्या. मी बांधावर बसले. आकडे मोजायला लागले. चौदावर असताना त्यांनी मान वर केली.

"आज बोलत न्हाई तुमी?"

"आज ऐकायला आलेय."

पुन्हा खुरपं सुरू. मग खाली बघतच म्हणाल्या, "माझ्या मावशीला झाला हुता. रानात खोपटात ठिवली तिला. तिचं ताट येगळं. भाकरी लांबनं टाकायची. कोण टाकायचं? मी! नऊ वरसांची हुते."

जिभेवर आलं होतं, तेव्हा गोळ्या कुठं होत्या! दात आवळून धरले. मग म्हणाले, "तुम्हाला वाटतं, आता तुमचं ताट वेगळं होईल."

खुरपं तिथंच पडलं. धुरपदाबाई रडल्या, तोंडात पदर कोंबून. "व्हय. ह्येंनी मला हाकलली तर पोरींनी कुणाकडं बघायचं?"

मी बसून राहिले. डोळे पुसून त्यांनीच विचारलं, "गोळ्यांनी खरंच बरं व्हतं का वो?"

त्यांनी विचारलं! मग मी सांगितलं. थोडंच.

"तुमी कुठल्या?"

"राहूची. बौद्धवाड्यातली."

त्यांनी पडलेलं खुरपं उचललं. "मंग ताट येगळं म्हंजी काय, हे तुमाला काय सांगायचं."

आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं. गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या. "घरात कवा सांगायचं ते माझं मी बगीन."

आजच सांगा, असं म्हणायचं होतं. "बरं," म्हणाले.

शुक्रवार, २० जानेवारी

भांडगाव. घराला कुलूप.

सोमवार, २३ जानेवारी

हौसराव मामा चौकशी करून आले. धुरपदाबाईंनी नवऱ्याला, जालिंदरला, सगळं सांगितलं म्हणे. दुसऱ्याच दिवशी तो बायकोला आणि मुलींना घेऊन कुठंतरी गेला. कुठं ते शेजाऱ्यांना ठाऊक नाही.

माहेरी नेऊन टाकलं असेल. दुसरं काय! मी बांधावर जाऊन बसलेच नसते तर त्या आज आपल्या घरात असत्या. आणि हात मात्र बधिर होत गेला असता. दोन्ही खरं आहे, म्हणूनच जेवण जात नाही.

बाई म्हणाल्या, "सांगायचं त्यांनी ठरवलं. तू नाही." पटतं. पण पचत नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी. शिरूर

दुपारी केंद्राच्या दारात जालिंदर. मागं धुरपदाबाई. मुलींना आजोळी ठेवून, कुणाला कळू नये म्हणून दोघं नगरच्या दवाखान्यात निघालेले, वाटेत इथं उतरले.

"अंजनाताई कोण?"

आता शिव्या! तरी म्हणाले, "मीच. बोला." आणि थांबले.

त्यानं माझ्याकडं पाठ करून सदरा काढला. पाठीवर तळहाताएवढा चट्टा.

"चार वरसं झाली. हिला कळू दिलं न्हाई."

धुरपदाबाई रडत होत्या की हसत होत्या, कळेना. "आन् मी ह्येंच्यापासनं हात लपवीत हुते!"

रोग्यांच्या वहीत दोघांची नावं एकाच पानावर लिहिली.