त्या गेममध्ये कोणीच जेवत नाही

माय, तू पहिला प्रश्न जो विचारशील त्याचं उत्तर आधीच देतो. कोणीच जेवत नाही. गेम काल दुपारी संपला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकानंही तोंडात घास टाकला नाही. म्हणजे तुझ्या हिशोबानं तो तिथंच नापास. मी शेजारच्यांच्या टीव्हीवर सिनेमा पाहून यायचो तेव्हा तू शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसलेली असायचीस. सूप हलवता हलवता म्हणायचीस, सांग. मी मारामारी सांगायचो, गाड्या कशा उडाल्या ते हात फेकून दाखवायचो, तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि मग विचारायचीस, "जेवलं कोण त्याच्यात?" कोणीच नाही म्हटलं की तुझा रस संपला. "ज्याले भूकच लागत नाही त्याची काळजी मी काऊन करू?" एवढं बोलून पुन्हा खडे वेचायला लागायचीस. लिहिताना माझी भाषा शाळेतल्या निबंधासारखी होते, तू हसशील. पण तुझ्याशी तोंडानं बोलणं होत नाही, कागदावर बरं जमतं.

मामाच्या जुन्या फोनवरचा सापाचा गेम तू पाहिला होतास. हा गेम त्याचा पणतू समज, फक्त इथं साप आपण स्वतः असतो. मी तो मामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर खेळलो. मी सध्या देऊळघाटला मामाकडं असतो, घरी अमडापूरला नाही. बाबांनी सांगितलं की कॉलेजात नाही तर माझ्या डोळ्यांसमोरही नाही. मामाचं ऑनलाइन सेंटर आहे. लोक सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी येतात, गावातल्या सगळ्या पोरांचे कॉलेजप्रवेशाचे फॉर्म मीच भरतो, आणि फॉर्म भरून झाला की पोराचा बाप मला हमखास विचारतो, "अन् तुह्या कॉलेजचं काय झालं बे?" दुपारी सर्व्हर बंद पडतो, बाकावरची माणसं उठून चहाला जातात, तेव्हा मी गेम लावायचो. कॉम्प्युटर म्हातारा, म्हणून चित्र एकदम हलकं करून ठेवावं लागतं. नायकाचा चेहरा मला शेवटपर्यंत नीट दिसला नाही. नाकाच्या जागी चौकोन आहे. पण त्याचा श्वास स्पष्ट ऐकू येतो, आणि खरं सांगतो, अख्ख्या गेममध्ये सगळ्यात चांगलं काही असेल तर तो श्वास.

गोष्ट अशी आहे. कुठल्यातरी लांबच्या चंद्रावर खाण आहे. नायक तिथला मेकॅनिक, एका बंद खोलीत जागा होतो तेव्हा सगळी माणसं नाहीशी झालेली, आणि खाणीतली यंत्रं पिसाळलेली. कानात एका बाईचा आवाज येतो, तीही कुठंतरी अडकली आहे, आणि ती सांगते इकडून ये, तिकडून ये. मग आपण उड्या मारतो, चढतो, यंत्रांना गोळ्या घालतो, बंदुका चांगल्या आहेत, आवाज दमदार आहे, एक बंदूक तर भिंतीवरून वळून मारते. पोशाखातली हवा मात्र मोजकी. चाललं तर पुरते, पळालं तर झरझर संपते, आणि रागानं गोळ्या झाडत पळालं तर आपण चार पावलांत गुदमरून पडलो. ज्यानं हे बनवलं त्याला माझी खोड कोणी सांगितली मला माहीत नाही. पहिला आठवडा मी यंत्रांच्या हातून कमी मेलो, माझ्याच घाईनं जास्त. आणि त्या बाईचा आवाज, माय, आता तुझ्यापासून काय लपवू, मला तो तिच्यासारखा वाटायचा. कोण ती ते येतंच पुढं.

मधे एक खोली आहे. नेटवर गेमबद्दल ओरडून ओरडून बोलणारा एक पोरगा आहे, लाखो लोक त्याचं ऐकतात, तो म्हणाला ही खोली फालतू आहे, इथं ना शत्रू ना हत्यार, सरळ पुढं निघा. ती खाणीतल्या माणसांची जेवायची खोली आहे. लांब टेबल, दोन्ही बाजूंनी ताटं, आणि सगळी ताटं अर्धी. कोणाच्या चमच्याशेजारी भाकरीसारखं काहीतरी मोडलेलं, कोणाचा पेला भरलेला, खुर्च्या मागं सरकवलेल्या. सगळे एकाच वेळी ताटावरून उठून गेलेत. गेममध्ये काय संकट आलं होतं ते कोणी सांगत नाही, पण ती ताटं पाहून मला सगळं कळलं. एका खुर्चीपाशी गेलं की खाली लिहून येतं, बसायचं तर हे बटण दाबा. मी दाबलं. नायक बसतो. काही होत नाही. गुण नाहीत, बक्षीस नाही, फक्त त्याचा श्वास हळूहळू निवतो. मी बसून राहिलो. बाकावरचा एक म्हातारा परत आला, म्हणाला, "काय पाहून राह्यला रे?" मी म्हटलं, काही नाही आबा, ताटं.

तुला तो दिवस आठवतो का? मी पाचवीत असेन. पोरं मला खिचडीवालीचा म्हणून चिडवायची, आणि त्याच दिवशी घरी तू ताटात शाळेतली उरलेली खिचडी वाढलीस. मी ताट सरकवलं आणि उठून गेलो. दिवस मावळताना भुकेनं परत आलो तर तू तिथंच बसलेली आहेस, माझं ताट मांडीवर घेऊन, तूही जेवलेली नाहीस. मला वाटलं आता बसणार पाठीत. तू ताट समोर ठेवलंस आणि म्हणालीस, "भांड माह्यासंग. पण ताटावर बसून भांड. उठून गेला त माणूस भांडणातही नाही अन् घरातही नाही." मग मी तोंडात घास असताना रडत रडत भांडलो, शितं सगळीकडं उडाली, आणि तुला हसू आवरेना. मी आठवीत होतो तेव्हा तू गेलीस. त्यानंतर बाबा आणि मी वेगवेगळ्या वेळी जेवायला लागलो. भांडणच राहिलं नाही.

कॉलेज कसं सुटलं तेही ताटावरचंच आहे. बुलढाण्याला सेकंड इयरला होतो, होस्टेलच्या मेसमध्ये जेवत होतो. समोरचा पोरगा तिच्याबद्दल एक वाक्य बोलला. ती म्हणजे माझ्या वर्गातली, मलकापूरची. ते वाक्य तुला लिहून दाखवणार नाही. मी ताटावरून उठलो, त्याची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं, आणि मी हात न धुता खोलीवर गेलो, पिशवी भरली, गाडीत बसलो. तेव्हापासून जो तो विचारतो कॉलेज काऊन सोडलं. कारण सांगावं तर तिचं नाव चारचौघांत येतं. न सांगावं तर मी आळशी, उडाणटप्पू, बापाच्या जिवावर उठलेला. मी पुढचा फॉर्म भरायला घेतो.

मग तिनं स्वतःच घरी माझं नाव सांगितलं. तिच्यासाठी एक स्थळ आलेलं, मुलगा नोकरीवाला. तिचे बाबा रेल्वेत आहेत, घराण्यात पहिले पदवी घेतलेले, कडक माणूस. ते एवढंच म्हणाले की बोलाव त्याले जेवायले, पाहू. तिनं फोनवर मला सांगितलं, "बाबा टोचतील. मुद्दाम टोचतील. तुह्या रागाचं मी त्याइले सांगितलं आहे. तू ताटावरून उठला त संपलं आपलं, मंग मी त्या स्थळाले हो म्हणीन." ती असं बोलली की ते खरं असतं. त्या वेळी मी गेममध्ये शेवटच्या दारापाशी अडकलेलो. दार उघडायला एक दांडा खाली दाबून धरावा लागतो, तिकडून ती आवाजवाली बाई दुसरा दांडा धरून असते, आणि तेवढा वेळ यंत्रं आपल्याला मारत राहतात. दांडा सोडून त्यांना मारायला गेलं की दार पुन्हा बंद. मी दर वेळी सोडायचो. इतक्या बंदुका दिल्या आणि शेवटी नुसतं उभं राहून मार खायला लावायचं, असा गेम मी कुठं पाहिला नाही. माऊस आपटून फोडला, मामानं दुसरा आणला आणि बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी बुलढाण्याहून मलकापूरची गाडी पकडली. राजूरचा घाट उतरताना मी मनात उत्तरं घोकत होतो. जयभीम झाला, पाणी झालं, आणि आम्ही दोघं खाली बसलो. ती वाढत होती, तिची आई चुलीपाशी. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर, ठेचा, कांद्याची पात. पहिला घास तोंडात आणि त्यांनी विचारलं, काय करता सध्या. म्हटलं, ऑनलाइन सेंटरवर बसतो. "बसता," ते म्हणाले. "बराबर आहे. उभं राहायले शिक्षण लागते." मी घास गिळला. ते म्हणाले, आमच्याकडं कॉलेजले जायले चपला नव्हत्या, तुमच्याकडं चपला हायेत त जायची इच्छा नाही. मी ठेच्याकडं बघत राहिलो. कानशिलं तापली होती, पण बूड जमिनीला चिकटवून ठेवलं होतं. मग त्यांनी नेमका मला नको तोच विषय काढला. नापास झालात का? नाही. फी नव्हती? होती. "मंग काऊन सोडलं? एक कारण सांगा, मी चूप बसतो." मी म्हटलं, रागात सोडलं. कोणावर राग, ते म्हणाले. माझ्या हातातल्या भाकरीचा चुरा झाला. आणि ती हातात भाकर घेऊन उभी होती ती तशीच बोलली, "माह्यावरून कोणी वंगाळ बोललं मेसमध्ये. म्हणून."

त्यांचा घास हातातच राहिला. तो त्यांनी ताटात परत ठेवला, आणि उठले. माय, मी नाही, ते उठले. उष्ट्या हातानं बाहेर ओट्यावर जाऊन पाठ करून उभे राहिले. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की आता आपणही उठावं, पिशवी घ्यावी, चालू पडावं, कारण माणसं आपल्यामुळं ताटावरून उठतात अशा घरात काय बसायचं. ती माझ्याकडं बघत होती. भाकर तिच्या हातात गार होत होती. समोर ते अर्धं ताट. आणि माझ्या तोंडातून निघालं, मोठ्यानं, दाराकडं बघून, "काका, भांडा माह्यासंग. पण ताटावर बसून भांडा."

रस्त्यानं एक मोटरसायकल गेली. मग बाहेरूनच आवाज आला, "हे कोणं शिकवलं तुले?"

"मायनं," मी म्हटलं.

"काय करे ते?"

"शाळेत खिचडी रांधे."

ते आत आले, बसले. पोरीला म्हणाले, वाढ. आणि मग जे भांडले, माय, तुमी-बिमी सगळं सुटलं, तू आणि बे वर आले. म्हणाले, एका टवाळ पोराच्या तोंडासाठी तू तुह्या मायच्या खिचडीवर पाय देऊन आला बे? म्हणाले, माह्या पोरीची अब्रू तुह्या कॉलर धरण्यानं राह्यली का? मी पण बोललो. म्हटलं, तुमी असते त काय केलं असतं? ते म्हणाले, जेवण पूर्ण केलं असतं, मंग धरली असती. ती दाराआड हसली ते मला ऐकू आलं. हात धुताना त्यांनी शेवटचं सांगितलं, "जूनमध्ये जाय. त्याच मेसमध्ये जेव. त्याच्याच समोर. पह्यले ते कर, मंग इकडं ये." त्या स्थळाचं काय, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती मला गाडीपर्यंत सोडायला आली नाही, येऊ दिली नसणार. हो मिळालं नाही, नाहीही मिळालं नाही. सुटायचा रस्ता आहे, पण तो नेमका त्याच खोलीतून जातो जिथून मी पळालो.

म्हणून काल गेम संपला तेव्हा मला बनवणाऱ्यावर फार राग आला. दार उघडलं, मी दांडा धरून ठेवला होता, दोनदा मेलो, तिसऱ्यांदा धरून ठेवला. आणि दारापलीकडं काय, तर पहिलीच खोली. जिथं तो जागा झाला होता. बाहेर जाणारं यान तिच्याच भिंतीमागं होतं, ती बाईही तिथंच, भिंतीपलीकडं, पहिल्यापासून. सगळ्या चंद्रावर पळवलं आणि शेवटी तिथंच आणून सोडलं. पडदा पांढरा होतो, ती बाई दिसत नाही, मग बनवणाऱ्यांची नावं. ती संपेपर्यंत मी बसून राहिलो, म्हटलं निदान यानात तरी काही खातील. नाही. सर्व्हर चालू झाला, बाकावर माणसं आली, मी बंद केलं. कोणी विचारलं तर मी सांगेन की खेळण्यासारखा आहे, घाई करणाऱ्यानं खेळू नये, आणि त्या ओरडणाऱ्या पोराचं ऐकून जेवायची खोली टाळू नये.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी माझा स्वतःचा फॉर्म उघडून पाहिला. सेकंड इयरचे प्रवेश सुरू झालेले नाहीत, पान नुसतंच येतं, पण पाहिलं. त्या टेबलावर मी बसेन. तो पोरगा बोलला तर बसून उत्तर देईन. जमेल असं वाटत नाही, पण तू असतीस तर म्हणाली असतीस, जमते का ते जेवताना कळते.

तुला पत्ता असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. त्याचं कारण एकच आहे आणि ते मी तिलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी तिचे बाबा माझ्यावर खेकसत होते तेव्हा मी भरीत मागून घेतलं. तिच्या आईचं भरीत, माय, तुझ्यापेक्षा चांगलं होतं.