फलाटाच्या टोकाचा रांजण

१२ सप्टेंबर
लोकलमध्ये सुनंदानं बातमी दिली. आमच्या स्टेशनचा इतिहास मोठ्या बोर्डावर लिहून फलाटावर लावणार. लिहिणार तीच. चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवते म्हणून गावच्या कमिटीनं तिला गळ घातली. "शोभे, खरी माहिती मावशींकडंच. रविवारी येते." मावशी म्हणजे माझी आई. मला काय आनंद झाला! कित्येक वर्षं खिडकीजवळची तीच दोन सीटं, एकमेकींची भाजी. दुसरं कुणी लिहिणार असतं तर मी धास्तावलेच असते.

१४ सप्टेंबर
सु. आली. मोबाइल समोर ठेवला आणि आई सुटली. रेल्वेवाले म्हणाले होते, फलाटाचा भराव गावानं करून द्या, मग गाडी थांबवू. जमीन सु.च्या सासऱ्यांनी दिली, आबांनी. ते खरंच. पण माती आमच्या वस्तीतल्या बायांनी वाहिली.
"दिवसभर त्यांच्याच रानात भांगलायचं, मंग हितं पाट्या टाकायच्या. पानी मागितलं तर वरनं वतायचे. धर्म बदलला हुता आमी. म्या म्हनलं, असं न्हाई प्यायची."
मग आई, ठकूमावशी आणि चंद्राकाकूनं कुंभाराकडून रांजण आणला, फलाटाच्या टोकाला पुरला आणि रोज ओढ्यावरून भरला. गाडी सुरू झाल्यावर सगळं गाव त्यातलंच पाणी प्यायलं.
"तुजा सासरा बी प्याला. वंजळीनं."
सु.चे डोळे भरले. "मावशी, तुमचं नाव पहिलं घालते." जाताना पाया पडली.

२२ सप्टेंबर
आई रोज विचारते, बोर्ड लागला का. प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली होती ती, पण आता मोतीबिंदू पिकलाय, सगळं धुरकट. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

१ ऑक्टोबर
उद्या दसरा. दरवर्षीप्रमाणे आज लोकलला झेंडूच्या माळा. त्याच मुहूर्तावर बोर्डाचा पडदा काढला, नारळ फोडला.
वाचलं. परत वाचलं. "प्रवाशांसाठी पहिली पाणपोई कै. आबांनी स्वखर्चाने उभारली. श्रमदान : समस्त ग्रामस्थ." खाली लेखन म्हणून सु.चं नाव, चांगलं ठसठशीत.
समस्त ग्रामस्थ! म्हणजे वरून पाणी ओतणारेही त्यातच आले.
डब्यात तिला धरलं. "कमिटीनं बदललं गं. दीर म्हणाले, जुनं कशाला उकरायचं."
"मग तुझं नाव कसं राहिलं?"
"मला त्या घरात राहायचंय, शोभा."
पेढ्यांचा बॉक्स आला, न घेता पुढं दिला. दाराशी उभं राहून गेले. परक्यानं केलं असतं तर भांडले असते, हिच्याशी भांडायलाही तोंड उघडेना. आईला अजून सांगितलेलं नाही.

५ ऑक्टोबर
नको ते झालं.
आईनं हट्ट धरला, चल टेसनावर. मनात म्हटलं, तिथंच सांगून टाकू. तर सु. फलाटावर हजर, माहेरी निघालेली. आईनं माझा हात सोडला. "तू नगं. सुनंदा वाचंल. तिनं लिवलंय."
आणि सु.नं वाचलं! "पहिला रांजण हौसाबाई, ठकूबाई आणि चंद्राबाई यांनी पुरला. त्याचं पाणी साऱ्या गावानं प्यायलं." भराभरा, एकदाही न अडखळता. बोर्डावर यातलं अक्षर नाही.
आईनं पत्र्यावरून हात फिरवला, मग सु.च्या गालावरून. "लेकीवानी काम केलंस."
सु. माझ्याकडं बघत होती, हात जोडल्यासारखी. माझ्या आईला माझ्यादेखत फसवलं आणि मलाही त्यात ओढलं. आई वाटभर हसत आली. कशी बोलणार होते?
सु.चा मला राग येतोय, आणि तितकीच तिची आठवणही येते. हे लिहितानाही लाज वाटते.

८ ऑक्टोबर
आईनं वस्तीभर सांगितलंय. ठकूमावशी, चंद्राकाकू दोघीही आता नाहीत, त्यांच्या सुनांना घरी जाऊन सांगून आली. त्या बायांना वाचता येतं. स्टेशनवर जाऊन बोर्ड वाचून आल्या, आईला काही बोलल्या नाहीत. माझ्याकडं नुसतं बघितलं.
सु.चा फोन. "मावशींच्या ऑपरेशनच्या आधी बदलून घेते. शप्पथ."
"दिरांना बोललीस?"
तिनं फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर
ऑपरेशन नीट झालं. बोर्ड सकाळी पाहिला. तोच.

१६ ऑक्टोबर
पट्टी सुटली. आईला भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर लख्ख दिसली. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आता टेसनावर."
मी धुळीचं कारण काढलं, उन्हाचं काढलं, डोळ्यात घालायच्या औषधाचं काढलं. आठवडाभर तरी नको म्हटलं.
"बरं. पर सुनंदाला बी बोलव. म्या बोट ठेवीन, तिनं वाचायचं."
"तिला कशाला? तुला आता दिसतंय की."
"मागल्या येळी लय भराभर वाचलं तिनं. ह्या येळी सावकाश वाच म्हनावं."
एवढं बोलून आई कुशीवर वळली. झोपलीय की नुसती पडलीय, कळत नाही. मी मघापासून फोन हातात घेऊन बसलेय. अजून लावलेला नाही.