माझ्या आवाजाने चढलेला आलेख

३ मार्च
आमचं औषधाची आठवण करून देणारं अ‍ॅप जवळजवळ तयार. आतला आवाज माझा. ‘औषध घेतलंत का?’ खर्जात, आपुलकीने. ऑफिसात आजपासून नवं यंत्र. बोटांना दोन पट्टे बांधायचे. अ‍ॅप वापरताना मनात खळबळ झाली की कातडीला किंचित घाम येतो आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते. यंत्रावरच्या संशोधक बाई म्हणाल्या, रेघ खळबळ दाखवते, पण ती आनंदाची की रागाची ते माणसालाच विचारावं लागतं. नवीन आहेत. शिकतील.

५ मार्च
एक निवृत्त शिक्षिका चाचणीला आल्या. माझा आवाज येताच रेघ टुणकन वर! नंतर म्हणाल्या, दचकले. संकोची स्वभाव, दुसरं काय.

९ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या टकल्याने साहेबांना सुचवलं, आवाजाऐवजी साधी घंटा ठेवू. याला नोकरीला मी लावलं! अस्तनीतला निखारा. आता पुरावाच देतो. बायकोला चाचणीला नेणार. बाई म्हणाल्या, घरचं माणूस नको. ऐकलं नाही.

१२ मार्च, दुपारी
काचेपलीकडून पाहिलं. लॉगिनला रेघ आडवी. जाहिरातीला आडवी. माझा आवाज आला आणि रेघ थेट स्क्रीनबाहेर! इतक्या वर्षांच्या संसारानंतरही! डोळे पाणावले. पुढची मुलाखत ऐकायला थांबलो नाही. गरज काय?

१६ मार्च
मीटिंगमध्ये हिचा आलेख दाखवला. प्रेम या विषयावर थोडं बोललोही. मग बाईंनी त्या दिवशीच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. हिने परवानगी दिली होती म्हणे. ही सांगत होती, हाच आवाज घरी दिवसभर विचारतो, गॅस बंद केलास का, दार लावलंस का, किल्ली घेतलीस का. ऐकला की डोक्यात तिडीक जाते.
सगळे हसले. टकल्या सगळ्यात जास्त वेळ. साहेब म्हणाले, घंटा.
घरी येऊन हिला विचारलं, परक्या बाईला सांगितलंस, मला का नाही? म्हणाली, कितीदा सांगितलं, पण तुम्ही बोलत होतात.
बाहेरचे उलटले तर समजू शकतो. पण ही?

१८ मार्च
ठरलं. उद्यापासून घरात मौन. आवाजाची किंमत कळू दे.

१९ मार्च, सकाळी
एक शब्द बोललो नाही. ही गाणं गुणगुणत होती. उसनं अवसान असणार.

१९ मार्च, संध्याकाळी
न मागता चहा आला. शेजारी बसली. बहिणीशी झालेलं भांडण, दुखणारा गुडघा, पुन्हा चित्रकला शिकायची इच्छा, सगळं सांगत राहिली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गुडघ्याबद्दल विचारावंसं वाटलं, पण मौन.
उठताना हळूच म्हणाली, उद्याही आहे ना हे?
बोलायचं नव्हतं. मान डोलावली.